डावी कूस

अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबट्या ओळखायचा, ही तिची वनखात्यातली नोकरी. वस्तीतलं पोर उचलून नेणाऱ्या बिबट्याचा कॅमेऱ्यात आलेला फोटो डाव्या कुशीचा होता. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या मात्र डावं अंग पत्र्याला टेकून पडलेला, दिसत होती ती फक्त उजवी कूस. आणि दोन कुशींवरचे ठिपके कधीच सारखे नसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"साहेब, तो उठेपर्यंत थांबू या."

"थांबू या? बाहेर चारशे माणसं काठ्या घेऊन उभी आहेत, त्यांना चहा विचारू का? अहो बाई, हाच ना तो? हो की नाही, एका शब्दात सांगा!"

ती "हो" म्हणाली. शेपूट घालायला माणसाला शेपूट असावं लागत नाही. गर्दीने टाळ्या पिटल्या, साहेबांनी पाठ थोपटली आणि बिबट्याला जन्मठेप झाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पिंजऱ्यात सोडल्यावर तो सावकाश वळला. तिने हातातला फोटो त्याच्या डाव्या कुशीशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला. एक ठिपका जुळेल तर शपथ!

तेवढ्यात फोन वाजला. गेलेल्या पोराची आई बोलत होती.


"ताई, लई उपकार झाले तुमचे, महिनाभर घरात कोंडलेली माझी धाकटी, आज तुमच्या शब्दावर तिला अंगणात खेळायला सोडून कामावर आले बघा."