केरूचा पाळणा

पाळणा इतका चांगला व्हायला नको होता. सोनबा सुताराला हे कळलं तेव्हा बारशाच्या बाया ओसरीवर येऊन बसल्या होत्या. आता उशीर झाला होता.

सोनबाच्या लेकीची, चंद्राबाईची, आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. दोन्ही सागवानी पाळण्यातून. तो पाळणाही सोनबानंच केलेला, आणि तो बघायला निम्मं वेल्हं गाव लोटलं होतं. दृष्ट लागेल असा झालाय, म्हणत होते सगळे. तशी ती लागली. म्हणून या तिसऱ्याला पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं आणि मोडक्या सुपात घालून घरात आणलं. नाव ठरलं केरू. पाळणासुद्धा गावानं फेकून दिलेल्या वस्तूंचाच करायचा, असं बापलेकीनं ठरवलं. केराकडं कोण बघतं? मरणही बघणार नाही.

सोनबानं एक वस्तू विकत घेतली नाही की कोणाकडं मागितली नाही. रॉकेलच्या खोक्याच्या फळ्या, ओढ्यात पडलेल्या गाडीच्या चाकाचे आरे, जात्याचा झिजलेला खुंटा, फाटकं गोणपाट. महायुद्धामुळं खिळे मिळतच नव्हते, तेव्हा सगळं खाचांत बसवलं. ओबडधोबड करायचं म्हणूनच तो कामाला बसला होता. पण चाळीस वर्षांचा हात, तो थोडाच ऐकतो? दोन्ही बाजूंना आरे पंख्यासारखे फाकले. खाचा अशा बसल्या की मध्ये नख जाऊ नये. झोका दिला तर आवाज म्हणून नाही.

बाया रिवाजाप्रमाणं नाकं मुरडत होत्या.

‘काय बाई ध्यान हाय!’

‘उकिरड्यावरचं ते. टाका की तितंच परत.’

एकेक बोल ऐकला की चंद्राबाईचा जीव भांड्यात पडत होता. मग शेजारची ठकुबाई पुढं आली. तिनंही बोलण्याआधी तोंड वाकडं केलं, सहज म्हणून आऱ्यांवरून हात फिरवला, आणि तिचं बोलायचं राहूनच गेलं.

‘आबा,’ चंद्राबाई बापाच्या कानाशी म्हणाली, ‘ठकुमावशी गप का झाल्या?’

सोनबानं गोणपाटाचं टोक आऱ्यांवर ओढलं.

तेवढ्यात केशव मास्तर दारातून वाकून आत आले. हे भोरचे चित्रकलेचे मास्तर. वेल्ह्याच्या शाळेत परीक्षा घ्यायला म्हणून आले होते, आणि सुतारानं केरातून पाळणा केल्याची बातमी तिथं त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी टोपी काढली, पाळण्याशी उकिडवे बसले आणि बघतच राहिले.

‘सोनबा, अहो, कचऱ्याचं सोनं केलंत तुम्ही!’

एका बाईनं पदर तोंडाला लावला. पण मास्तर थांबले नाहीत. भल्या माणसांना कुठं थांबावं ते बहुधा कळत नाही.

‘पुढच्या महिन्यात भोरला प्रदर्शन भरतंय. तिथं हा मधोमध ठेवू. खाली तुमच्या नावाची पाटी. बघायला रांग लागेल, रांग.’

सोनबाचा चेहरा उजळला. खोटं कशाला सांगावं, क्षणभर खरंच उजळला. गावातल्या निम्म्या घरांना त्याची दारं होती, पण त्याचं नाव आजवर कशावरच लिहिलं गेलं नव्हतं.

मग त्याला लेक दिसली. तिनं पोराला पाळण्यातून उचलून छातीशी असं आवळलं होतं की ते रडायला लागलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

‘आबा, तवा बी आसंच म्हनले व्हते,’ ती म्हणाली. ‘ह्यास्नी गप करा.’

सोनबा उठला. कोपऱ्यातला वाकस उचलून पाळण्यापुढं उभा राहिला. लाकूड तासायचं हत्यार ते, त्याच्या हातात लहानपणापासूनचं. पण मुद्दाम काम बिघडवायची त्याला सवय नव्हती. पहिला घाव चुकून जमिनीवर बसला. दुसरा आऱ्यांवर बसला. मग त्यानं डोळे मिटून घेतले आणि घालतच राहिला. दोन आरे तुटले, एक फळी चिरली, खुंटा खाचेतून निसटला. तो त्यानं तसाच तिरका ठोकून बसवला. पाळणा एका अंगाला कलला.

‘अहो, वेड लागलं का?’ मास्तर ओरडले. ‘इतकी चांगली वस्तू...’

‘चांगली म्हनू नगा!’ चंद्राबाई किंचाळली.

मास्तर आधी दचकले, मग संतापले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘चांगली कसली? आता काय राहिलंय तिच्यात? चुलीत घाला. चुलीत घालायच्याच लायकीचं झालंय हे!’

चंद्राबाईनं पोराला हळूच पाळण्यात ठेवलं. झोका दिला. पाळणा करकरला. तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर ऊन होतं आणि अंगणात कोणी नव्हतं. तरी ती बराच वेळ तिकडंच बघत राहिली.

मग तिनं मास्तरांपुढं हात जोडले.

‘मास्तर, तेच पुन्यांदा म्हना,’ ती म्हणाली. ‘जरा मोठ्यानं. भाईर ऐकू जाऊ द्या.’