छताचा पंखा

"अगं, जपून आवळ ते स्क्रू! ग्राफिक्स कार्ड आहे, मिक्सर नाही," मालक खेकसला.

लग्नाचे व्हिडिओ जुळवायच्या त्या पत्र्याच्या खोलीत प्रणिता कॉम्प्युटरच्या कार्डावर ते थंड ठेवणारा नवा कूलर बसवत होती. छताचा पंखा बंदच होता. वाऱ्याने धूळ उडते, कार्डात जाते, म्हणून मालकाने तो उन्हाळाभर लावूच दिला नव्हता. शेजारच्या खुर्चीवरचा भानुदास सोमवारी उष्माघाताने कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

मशीन सुरू झालं. कार्डाचं तापमान नव्वद अंशांवरून साठावर आलं आणि कूलरने फेकलेली गरम हवा तिच्या तोंडावर आदळली.

"बघ, कसं गारेगार!" म्हणत मालकाने भानुदासचा घामाने कडक झालेला टॉवेल उचलला आणि कॅबिनेटवरची धूळ पुसली.

प्रणिताने उठून छताचा पंखा पाचवर लावला.

"अगं ए, धूळ!"

"उडू दे."