फ्रेमचं माप

जिन्याखाली चादरीने झाकलेली नवीकोरी लेडीज सायकल दिसली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"कुणाची हो ही?"

नवरा आधी गडबडला, मग हसला. "तुझीच गं! सरप्राइजचा पार विचका केलास."

उगाच संशय घेतला म्हणून ती ओशाळली.

पण सीट अगदी खाली करूनही तिचे पाय काही जमिनीला टेकेनात. सायकलवरच्या स्टिकरवरून पत्ता शोधत, सायकल ढकलत ती एकटीच दुकानात गेली.

"मावशी, फ्रेम फार मोठी आहे हो. अंदाजानेच दिली असणार."

दुकानवाल्या मावशींनी सायकल लगेच ओळखली.


"अंदाजाने? छे गं! या भिंतीला उभं करून, टाचेपासून टेप लावून मी स्वतः पाय मोजलाय त्या साहेबांच्या बायकोचा."