रुमालावरचे ठिपके

नातीचा हॅमस्टर दोन दिवस सारखा अंग खाजवतोय, हे घरात फक्त आजोबांच्या ध्यानात आलं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी त्याच्या कानामागचे केस फुंकून बाजूला केले, खाली आपला पांढरा रुमाल धरला, तर रुमालावर बारीक लाल ठिपके चालायला लागले. मग हात धुऊन मुलाच्या मागे लागून त्यांनी प्राण्यांचा दवाखाना गाठला आणि पिंजरा मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "माइट्स झालेत. पण वेळेवर आणलंत हं! नजर बारीक आहे कुणाची तरी."

"आमचं लक्ष असतं ना घरात सगळ्यांकडे," मुलगा म्हणाला. आजोबांनी पिंजऱ्याची कडी नीट लावली. घेऊ दे बापडा कौतुक.

बाईंनी औषधाचे थेंब दिले. पिंजरा गरम पाण्याने धुवा, नवा भुसा आधी फ्रीजरमध्ये ठेवून मगच घाला, दर आठवड्याला कानामागे बघत जा, असं सगळं नीट समजावलं.

"आणि तीन आठवडे याला वेगळं ठेवा. हे किडे माणसांनाही चावतात. घरात अशी एखादी खोली आहे का, जिथे कुणी फिरकत नाही?"



"आहे की," मुलगा पटकन म्हणाला, "बाबांची."