कस्तुरीचा दम

"कबड्डी, कबड्डी, कब... बड..." कस्तुरीची जीभ अडखळली, दम तुटला आणि पंचांनी तिला सरावात पुन्हा बाद दिलं.

ऑपरेशननंतर तिच्या गळ्यातून आवाजच निघत नव्हता. गळ्यावरची पट्टी स्नायूंची हालचाल ओळखायची आणि कमरेच्या लिनक्सवाल्या डबीएवढ्या संगणकातलं साउंड कार्ड तिच्यासाठी बोलायचं, अगदी तिच्याच आवाजात! पण किंचित उशिरा. स्वतःचा शब्द मागून कानात आला, की पुढचा शब्द अडायचा. आणि आता थोड्याच वेळात संघाची निवड होती.

"बफर केवढा ठेवलायस गं?" मैत्रीण नाझनीननं लॅपटॉप जोडत विचारलं.

"मोठा. आवाज त्यात साठून मग सुटतो, म्हणून उशीर. पण लहान केला की खरखर येते. बाबा म्हणाले, आवाज कसा गोड पाहिजे."

"गोड? चढाईला चाललीयस की दाखवायच्या कार्यक्रमाला?"

नाझनीननं बफर अगदी छोटा केला आणि आवाजाचं काम सगळ्यांच्या आधी करायचं, असं लिनक्सला बजावलं. तरी खरखर होतीच. बॅटरी वाचवायला प्रोसेसर मधेच डुलकी घेत होता! तिनं त्याची झोपच बंद केली आणि खरखर थांबली.

"बॅटरी लवकर संपेल हं."

"संपू दे!"

निवडीच्या चढाईत शब्द सुटताच कानात आला. कस्तुरीनं कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला आणि झेप घेऊन मध्यरेषा ओलांडली.

"घेतली हिला संघात!" सर ओरडले.

तरी तिचं "कबड्डी, कबड्डी" चालूच.

"अगं, पुरे! आलीस की घरी," नाझनीन म्हणाली.

"माहितीय गं! पण अडतच नाहीये ना!"