दुर्गेशची एकचाकी

त्या सकाळी भैयाजी एकचाकीवरून तिसऱ्यांदा पडला, तेव्हा राइस मिलचा चौकीदार केशोराव हसला नाही. पहिल्या आठवड्यात तो पोट धरून हसला होता. छप्पन वर्षांचा माणूस सर्कशीत भरती व्हायला निघाला, असं त्यानं आमगावच्या बाजारात चारचौघांना सांगितलंही होतं. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून भैयाजीनं तिकडे लक्ष दिलं नाही. मिल बंद होती, धान वाळवायचं सिमेंटचं आवार मोकळं पडलं होतं आणि केशोराव रोज फाटक उघडून देत होता, एवढं त्याला पुरे होतं.

गाडी म्हणजे नुसतं एक जाडजूड चाक. आत बॅटरी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या. ना सीट, ना हँडल. अंग पुढे झुकवलं की पळते, मागे नेलं की थांबते. भैयाजीचा पोरगा दुर्गेश पुण्यात तिच्यावर उभा राहून ऑफिसला जायचा. त्याची तेरवी झाल्यावर रूम पार्टनर पेटीबरोबर तीही घरी पोचवून गेला. चाकाला एक ओरखडा तेवढा होता. एवढं होऊन फक्त ओरखडा, याचाच भैयाजीला राग आला होता.

पोलिसांच्या कागदात 'स्वतःचा तोल गेल्याने' असं लिहिलेलं होतं. वेळ संध्याकाळी सहा चाळीस. आणि सहा चाळीसलाच भैयाजीनं पोराला फोन लावला होता. पोरानं तो उचललाही होता. ठरलेली सोयरीक दुर्गेशनं मोडली होती, हे गावाला ठाऊक होतं. बाप फोनवर त्याला काय बोलला, ते भैयाजीनं कोणालाच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता धाडकन आवाज आला आणि मग रस्त्यावरच्या परक्या माणसांचा गलका ऐकू येत राहिला. फोन आल्यानं माणूस या गाडीवरून पडतो की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. विचारावं तर जो तो समजूत काढायचा. म्हणून तो स्वतःच चढला.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला पोरगा हिंदीत एकच गोष्ट घोकायचा, नीचे मत देखो, दूर देखो. नेमकं तेच जमत नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस डोक्यावर धानाचे भारे घेऊन शेतातल्या बांध्यांमधल्या वीतभर रुंद मातीच्या धुऱ्यावरून चाललेला. तिथं पायाकडे नजर नसली की चिखलात, आणि इथं पायाकडे नजर गेली की सिमेंटवर. जित्याची खोड ती, सहजी थोडीच जाते. गुडघे सोलवटले, मनगट सुजलं. रात्री रुख्मा, त्याची बायको, हळद-तेल गरम करून लावायची. हे सगळं कायले, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

आज मात्र त्यानं तिला सोबत आणलं होतं. ती फाटकाजवळ, कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. भैयाजी उठला, हात झटकले, मिलच्या चिमणीवर नजर रोवली आणि चढला. चाक डुगडुगलं, सावरलं. चिमणी सोडून त्यानं कुठं पाहिलंच नाही. आवाराची एक अख्खी चक्कर झाली, तशी त्यानं चाकावर उभ्या उभ्याच फाटकाजवळची भिंत धरली. त्याला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"आता पुन्हा जातो," तो रुख्माला म्हणाला. "त्या टोकाले पोचलो का मले फोन लाव."

"पडान ना तुमी."

"पडलो त पडलो. तू लाव."

रुख्मानं कमरेचा मोबाइल काढला. भैयाजी टोकाला पोचला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात घंटी वाजली. चाक एकदा इकडे, एकदा तिकडे गेलं. त्यानं नजर चिमणीवरून हलू दिली नाही. चाचपत खिशात हात घातला, फोन काढला, अंगठ्यानं उचलला, कानाला लावला. चाक सरळ चाललं होतं.

पाच महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं. "पायलं का, रुख्मा?" तो म्हणाला. "नाही पडलो. फोनानं नाही पडत मानूस."

ती समोरच उभी होती, मोबाइल कानाला धरून, पदर डोक्यावरून ओढलेला. तो तिच्यासमोरून पुढे गेला, तेव्हा ती फोनात बोलली.

"त्या दिवशी मी चुलीपाशीच बसली होती. सप्पा आयकलं मी, शबद न् शबद."

भैयाजीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"तुमी त्याले जे जे म्हनलं, ते आता तुमाले म्हनू का?" तिचा आवाज अगदी हळू होता. "चाक चालू ठेवा, अन् आयका."

केशोराव बिडी पेटवायची सोडून दोघांकडे पाहू लागला. फोन कानाला तसाच धरून भैयाजी आवाराला चकरा मारत राहिला. पडल्याशिवाय उतरणं त्याला अजून जमत नव्हतं.