पापणीबाहेरची रेघ

रंगभूषाकार ज्ञानूमामांचा पेन्सिल धरलेला हात चारुशीलानं अडवला.

"आत नको, मामा. पापणीच्या केसांच्या वरून."

"ठावं हाय," ज्ञानूमामा म्हणाले. "चाळीस वर्सांचा हात हाय. सवयीनं आत जातुया."

सांगलीच्या नाट्यगृहात स्पर्धेच्या प्रयोगाला पाऊण तास राहिला होता. मेकअप रूमच्या दारात दिग्दर्शक अनीश उभा होता. त्याच्या हातात ग्लिसरीनची छोटी बाटली होती.

"चारुताई, शेवटच्या प्रवेशाआधी डोळ्यांना एवढं लावा. नाहीतर तो प्रवेश पडेल. सृष्टीला तुमचे सगळे संवाद पाठ आहेत. अजूनही बदल करता येईल."

"ग्लिसरीन लावणार नाही," चारुशीला आरशातूनच म्हणाली. "आणि काम मीच करणार आहे. तू प्रकाशयोजना बघून घे."

अनीश निघून गेला. त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. दहा दिवसांपूर्वी कराडला सरावाचा प्रयोग झाला, तेव्हा चारुशीलाच्या डोळ्यांत पहिल्या अंकापासूनच वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं होतं. नेहमीप्रमाणे आत काजळ भरलेलं, वर भरपूर पावडर. शेवटच्या प्रवेशात फौजेतून मुलाची नुसती ट्रंक परत येते. आई ती उघडते आणि एकेक कपडा बाहेर काढते. चार मिनिटं एक शब्द नाही, सगळं डोळ्यांनी करायचं. तिथं तिला डोळे उघडे ठेवता येईनात. ती सारखी पापण्या मिटत होती. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

डोळे कोरडे पडत गेले त्याला तीन वर्षं झाली होती. अश्रू तयारच होत नाहीत, असं मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कराडहून आल्यावर चारुशीला पुन्हा त्यांच्याकडे गेली. मेकअप करायचाच आहे, तो कसा करू ते सांगा, म्हणाली. सांगितलेलं सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं आणि पलूसला ज्ञानूमामांना फोन लावला.

मामा रोज सकाळच्या एसटीनं तिच्या घरी यायचे. पहिल्याच दिवशी चारुशीलानं त्यांच्या पेटीतली काजळाची डबी आणि वाळून गेलेला मस्कारा बाहेर काढून ठेवला. मामांना ते लागलं.

"ह्याच डबीतल्या काजळानं किती राण्या उभ्या केल्या म्या."

"मग आता एक आई उभी करा, मामा. पण तिचे डोळे जळता कामा नयेत आणि मागच्या रांगेतल्या माणसाला ते दिसले पाहिजेत."

आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर. मग औषधाचे थेंब. मग पाव तास नुसतं बसायचं. मामांना हे बसणं सगळ्यांत जड जायचं. पावडर बंद झाली, तिच्या जागी बोटानं लावायचा मऊ रंग आला. पेन्सिल रोज एकच नवी घ्यायची, रेघ ओढायची आणि चारुशीलानं घरातली कामं करायला लागायचं. पहिली पेन्सिल भाकरी थापतानाच चरचरायला लागली. दुसरी तासभर टिकली. तिसऱ्या दिवशीची तपकिरी पेन्सिल लावून तिनं स्वयंपाक केला, पेपर वाचला, बाजारातून भाजी आणली आणि दुपारी आरशात बघितल्यावर तिला आठवलं, की डोळ्यांवर काहीतरी आहे.

"जमलं, बाई," मामा म्हणाले. मग नवा मस्कारा पापण्यांच्या फक्त टोकांना लावून ते उठले आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी तिला सरळ बघायला सांगितलं. "आत भरलं की डोळा बारीक दिसतुया," ते तिथूनच म्हणाले. "हे आपल्याला कवाच कळलं न्हाई."

आणि आता तिसरी घंटा झाली.

पहिला अंक सरळ गेला. दुसराही. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर ट्रंक आली. चारुशीलानं कडी काढली. स्वेटर, बूट, पत्रांचा गठ्ठा. मग तिनं मान वर केली आणि समोरच्या अंधारात बघत राहिली. पापणी हलली नाही. सगळं नाट्यगृह तिच्या डोळ्यांकडे बघत होतं आणि तिला स्वतःला ते डोळे जाणवतही नव्हते. कुठंतरी मागं हुंदका आला. मग आणखी एक. पडद्याची खूण करायची होती अनीशनं. तो विसरला. शेवटी दोरीवाल्यानंच आपल्या मनानं पडदा सोडला.

मेकअप रूममध्ये सगळ्यांच्या आधी एक म्हातारी शिरली. शालूबाई नाव सांगितलं तिनं, गाव पलूसकडचं. मागच्या रांगेत बसले होते, म्हणाली. तिनं चारुशीलाला जवळ ओढलं आणि पदरानं तिचे दोन्ही गाल पुसले.

"किती रडलीस गं, बाई. तुज्याकडं बघवंना मला. बास कर आता."

गाल कोरडे होते. शालूबाईच्या ते लक्षातही आलं नाही. डोळे पुसत ती निघून गेली.

ज्ञानूमामांनी कापसावर तेल घेतलं आणि हलक्या हातानं एका डोळ्याची रेघ उतरवायला लागले. चारुशीला हसत होती.

"काय झालं, बाई?"

"दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून एक थेंब येत नव्हता. नवरा गेला तरी रडली नाही, असं अजून बोलतात पाहुण्यांत." तिनं मान वळवून दुसरा डोळा मामांपुढं केला. "आज पहिल्यांदा कुणीतरी मला रडताना बघितलं, मामा."